झोप न येणारं झाड

चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला मी शिडीवर चढतो आणि बाकीचं घर खालून सूचना करतं. आमच्याकडची ही जुनी वाटणी. नारळाची पेंड घरच्या माडाची, सुपारीचा कातरा परसातल्या पोफळीचा, तवशी नि चिबूड मळ्यातलं, तोरिंग शेजाऱ्यांनी दिलेलं, आंबाडे, घागऱ्या, कांगलां, कवंडाळं रानातून आणलेली. पाच वर्षांमागे नातू पुण्याहून आला होता. वय सहा. खाली उभा राहून तो एकेका फळाचा पत्ता विचारत होता आणि मी वरून हात करून दाखवत होतो. हे त्या माडाचं, ते त्या वईपलीकडलं. मग हातात सफरचंद आलं.

"हे कुठल्या झाडाचं?"

"बाजारातलं."

"बाजारातल्या कुठल्या झाडाचं?"

मला उत्तर सुचेना. फळावर एक गोल स्टिकर होता. गणपतीच्या डोक्यावर जाहिरात नको म्हणून मी तो नखानं खरवडून काढला, तर खाली चिकट डाग उरला. त्या रात्री आरती झाल्यावर मी घरात जाहीर करून टाकलं की पुढच्या माटोळीला सफरचंद घरचंच बांधायचं. कुणी काही बोललं नाही. निवृत्त माणसाच्या घोषणा घरात अशाच ऐकून घेतल्या जातात.

आता आमच्या गावात, मुळगावात, सफरचंद म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आमची ग्रामदेवता केळबाय. गोव्यात गजलक्ष्मीला बऱ्याच ठिकाणी याच नावानं ओळखतात. व्युत्पत्ती मला विचारू नका, पण जिच्या नावात केळ ऐकू येते तिच्या गावात मी केळ सोडून सफरचंद लावायला निघालो, ही गोष्ट शेजारच्या आबांनी पहिल्याच दिवशी लक्षात आणून दिली. आबांचं काजूचं भाट आहे. त्यांच्या लेखी सफरचंद हे आजाऱ्याचं फळ. मी रोपवाटिकेत चौकशी करतोय हे कळल्यावर त्यांनी आधी विचारलं ते घरी कोण आजारी आहे म्हणून. नंतर म्हणाले, "सफरचंद? हांगा? बाबा, हांगा बोंडूच बरो."

बोंडू म्हणजे काजूचं फळ. इंग्रज लोक त्यालाही ॲपलच म्हणतात, हे मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, मग झालं तर, आपल्याकडे आहेच.

खरं तर आबांच्या बोलण्यात एक गोम आहे, आणि ती त्यांना सांगायची मला अजून छाती झालेली नाही. काजू तरी कुठे आपला? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आणला. पेरू, पपई, अननस, मिरची ही सगळी मंडळी तशीच गलबतातून उतरलेली. सीताफळाला आम्ही आत म्हणतो, तेही पोर्तुगीजच नाव. पण काजूनं इथली चिऱ्याची जमीन पाहिली आणि हेच आपलं माहेर असं ठरवून टाकलं. चारशे वर्षांत त्याचा नीरो, हुर्राक, फेणी झाली, फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आता तो आम्हालाच बाहेरचं समजतो. मग सफरचंदानं थोडी खटपट केली तर बिघडलं कुठे, असा माझा युक्तिवाद होता. युक्तिवादात चूक नव्हती. सफरचंदाला तो मान्य नव्हता, एवढंच.

पहिली चूक नातवाच्या नावावर आहे. चवथीचं सफरचंद खाऊन त्यानं पाच बिया मला दिल्या आणि पुण्याला निघून गेला. बिया कुंडीत टाकल्या, उगवल्या नाहीत. मग वाचनात आलं की सफरचंदाच्या बीला रुजण्याआधी दीड-दोन महिने ओली थंडी सोसावी लागते. दुसऱ्या फळाच्या बिया ओल्या वाळूत घालून डबी फ्रीजमध्ये ठेवली, कोकमाच्या आगळाच्या बाटलीमागे. दोन महिन्यांनी हिनं ती डबी रव्याची समजून उघडली. तो प्रसंग गाळतो. त्यातल्या दोन बिया रुजल्या आणि मी नातवाला फोनवर बातमी दिली. मग पुढचं पान वाचलं. सफरचंदाचं बी आईवर जात नाही. गोड फळाच्या दहा बिया लावल्या तर दहा तऱ्हेची झाडं होतात, आणि त्यातली बहुतेक आंबट, तुरट, बोराएवढ्या फळांची. म्हणून जगभर सफरचंद कलमानंच लावतात. आपल्या हापूससारखंच.

अर्थात बियांतूनही कधी कधी लॉटरी लागते. अमेरिकेत आयोवामध्ये जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत असंच एक रोप ओळ सोडून उगवलं होतं. त्यानं ते दोनदा छाटलं, तरी ते पुन्हा फुटलं, तेव्हा त्यानं हात टेकले, अशी गोष्ट सांगतात. त्या रोपाचं पुढे रेड डेलिशियस झालं. सत्यानंद स्टोक्स यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हिमाचलातल्या कोटगढ भागात तेच लावलं, आणि आमच्या माटोळीला टांगलेलं फळ बहुधा त्याच घराण्यातलं. आपल्या काळातली गोष्ट तर आणखी जवळची आहे. हिमाचलच्याच बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावी हरिमन शर्मांनी १९९८ मध्ये घरात खाल्लेल्या सफरचंदांच्या बिया परसात फेकल्या. गाव जेमतेम १८०० फुटांवर, उन्हाळा कडक. तिथे एक रोप आलं आणि २००१ मध्ये फळलंही. ती जात आज एचआरएमएन-९९ म्हणून देशभर जाते. शर्मांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. इकडे सांगली जिल्ह्यात, दुष्काळी जत तालुक्यातही सफरचंद पिकल्याच्या बातम्या आल्या. हे सगळं मी आबांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, जतमध्ये पाऊस किती?

हा प्रश्न पुढे फार महागात पडला, पण त्याआधी थंडीचं सांगतो, कारण खरं दुखणं तेच आहे.

सफरचंदाच्या झाडाला झोप लागते. सवयीची डुलकी नव्हे, चांगली गाढ झोप. थंड मुलुखात शरद ऋतूत ते पानं झाडतं, डोळे मिटतं आणि थंडी मोजत पडून राहतं. सात अंशांखालचा तास तेवढा हिशेबात धरायचा. रेड डेलिशियससारख्या जातीला असे हजारभर तास लागतात, म्हणजे सलग धरले तरी ४२ दिवस. तेवढी पुंजी साठली की मग ऊन लागताच सगळे डोळे एकदम उघडतात, झाड एका आठवड्यात पांढरंगुलाबी होतं. पुंजी अपुरी राहिली की झाडाचं होतं अर्धवट झोपेतून उठवलेल्या माणसासारखं. एका फांदीला पानं, दुसरी उघडी. टोकाला चार पानं, मध्ये नुसती काठी. फुलं आली तर आज दोन, महिन्यानं तीन. काही धरत नाही, आणि झाड मात्र वर्षभर थकलेलं.

मुळगावात थंडी म्हणजे काय, तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे देवळात जाताना म्हातारी माणसं कानाला मफलर गुंडाळतात ती. पारा फार तर सोळा-सतरापर्यंत उतरतो. सात अंश आम्ही फ्रीजच्या दारावर वाचतो. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत न्यूटनच्या झाडाच्या वंशातलं कलम मोठ्या हौसेनं लावलं होतं, त्यालासुद्धा पुण्याची हवा मानवली नाही. तिथे निदान स्वेटर विकले जातात. (न्यूटनचं आमच्याकडे नसतंच जमलं. माडाखाली बसून विचार करणाऱ्याला आमच्याकडे दुसरा विचार सुचायला अवधी मिळत नाही.)

म्हणजे बघा, दुपारी एक ते चार या वेळात ज्या गोव्यात दुकानदारसुद्धा फळ्या लावून आडवा होतो, तिथे सगळ्या गावात एका प्राण्याला झोप येत नाही, आणि तो माझ्या परसात उभा आहे.

यावर तोड आहे. कमी थंडीवर भागवणाऱ्या जाती असतात. इस्रायलमधल्या आईन शेमेर किबुत्झात तयार झालेली ॲना, बहामात नासाऊला सापडलेलं डॉर्सेट गोल्डन, आणि आपलं एचआरएमएन. ॲनाला दोन-तीनशे तास पुरतात म्हणतात. दोन-तीनशेही आमच्याकडे नाहीतच, पण हजाराच्या देण्यापुढे तीनशेचं देणं बरं वाटतं, त्या चालीवर मी एका रोपवाटिकेतून ॲनाचं कलम आणलं. देणाऱ्यानं सांगितलं, "काही करावं लागत नाही, लावा आणि विसरा." झाडं विकणारे हे वाक्य कुठे शिकतात कोण जाणे.

लावायला खड्डा खणायला घेतला. हातभर माती, मग चिरा. दोन माणसं, पिकास आणि पहार, दीड दिवस. खड्डा सुंदर झाला, चारही बाजूंनी तासल्यासारखा. त्यात शेणखत, माती घालून कलम लावलं आणि सांधा नीट झाकला जावा म्हणून वर आणखी माती ओढली. या एका परिच्छेदात मी दोन घोडचुका केल्या आहेत, जाणकारांच्या ध्यानात आल्याच असतील.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला. जतमध्ये पाऊस किती, या आबांच्या प्रश्नाचा अर्थ मला जुलैत कळला. आमच्याकडे चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर, म्हणजे दहा फूट पाणी वरून पडतं. चिऱ्यात खणलेला खड्डा म्हणजे बिनतळाचा नव्हे, चांगल्या तळाची टाकी. माझं ॲना त्या टाकीत दोन महिने उभं राहिलं. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडली, मग तपकिरी. उपटून पाहिलं तर मुळं काळी, वासाची, आणि सांध्यापाशी साल मऊ होऊन सुटलेली. नावातच मूळ असलेल्या गावात माझं मूळच कुजलं.

दुसरं कलम आणताना मी शहाणा झालो होतो, निदान चौकशी तरी करायला लागलो होतो. पहिल्याचा खुंट एमएम-१०६ होता. इंग्लंडमध्ये ईस्ट मॉलिंग आणि मर्टन या दोन ठिकाणच्या लोकांनी मिळून हे खुंट तयार केले, लोकरी माव्याला दाद न देणारे. पण १०६ला बुंधाकुजीची खोड आहे. १११ त्या मानानं काटक. कलमाला वरची जात विचारायची तशी खालची खुंटाचीही विचारायची असते, हे मला साठीत कळलं. (स्थळं बघणाऱ्यांना ते फार आधीपासून ठाऊक असावं.) या वेळी खड्डा नाही. जमिनीवर दोन फूट उंच, चार फूट रुंद मातीचा ढीग केला, भाताचं तूस नि शेणखत मिसळून, कडेनं चिऱ्याचे तुकडे रचून. त्या उंचवट्यावर कलम, सांधा मातीच्या चांगला अर्धा फूट वर, आणि बुंध्यापासून पाणी दूर नेणारी चरी. आबा म्हणाले, तुळशीवृंदावन छान झालंय.

पावसाळ्यात पानांवर डाग आले ते आबांनी स्वतः ओळखले, कारण सुपारीला कोळेरोग येतो त्याच हवेतला हा प्रकार. उपायही तोच, बोर्डो. शंभर ग्रॅम मोरचूद एका प्लॅस्टिकच्या बादलीत, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या बादलीत, मग दोन्ही मिळवून दहा लिटर. जमलं की नाही पाहायला कोयत्याचं पातं बुडवायचं. त्यावर तांब्याची लाली चढली तर चुना कमी पडला. केलेलं त्याच दिवशी फवारायचं, पावसाची उघडीप बघून. या मिश्रणाची जन्मकथा मला फार आवडते. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेडॉक भागात वाटेकडेच्या द्राक्षवेलींवर शेतकरी मोरचूद नि चुन्याचा निळा राडा शिंपडत. कशासाठी, तर जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या नजरेस आलं की वाटेकडेच्याच वेली तेवढ्या रोगावाचून राहिल्यात. त्यानं मागोवा घेतला आणि १८८५ मध्ये औषध जाहीर झालं. जगातल्या एवढ्या मोठ्या औषधाचं श्रेय द्राक्षचोरांना कुणी देत नाही, हे बरं नाही.

खोडकिडा आला तोही काजूच्या ओळखीनं. बुंध्याशी भुसा दिसला की भोक शोधायचं, सायकलचा स्पोक आत घालून आतल्या महाशयांचा निकाल लावायचा, रॉकेलचा बोळा कोंबून वर चिखल लिंपायचा. हुमले, म्हणजे तांबड्या मुंग्या, यांच्याबद्दल मात्र माझं अजून ठरत नाही. ते अळ्या खातात म्हणून उपकारकर्ते, आणि मावा पाळून त्याचं गोड चाटतात म्हणून फितूर. शिवाय मलाही चावतात. उन्हाळ्यात खोडाला चुना फासतो, नाहीतर सालीला ऊन लागतं. माकडं येतात, झाडाकडे बघतात आणि पुढे पपईवर जातात. हा अपमान आहे, पण सोयीचा.

परत झोपेकडे येऊ. थंडी नसेल तर झाडाला झोपवायचं कसं, याचं उत्तर मला जावामधून मिळालं. इंडोनेशियात पूर्व जावामधल्या मलांगजवळ बातू म्हणून डोंगराळ गाव आहे, विषुववृत्तापासून आठेक अंशांवर. तिथे हिवाळाच नाही, तरी लोक सफरचंदाची वर्षाला दोन पिकं काढतात. फळं उतरवली की झाडाची सगळी पानं हातानं ओरबाडून टाकतात. पानं गेली म्हणजे झाडाला वाटतं हिवाळा झाला. पुरतं झोपण्याआधीच ते जागं होतं आणि फुलतं. म्हणजे ही झोप नव्हेच, झोप झाली असा समज करून देणं.

बातू समुद्रसपाटीपासून बरंच वर आहे आणि मुळगाव शेजारच्या खाजनाच्या पातळीला, हे ठाऊक असूनही मी करून पाहायचं ठरवलं. नोव्हेंबरपासून झाडाचं पाणी तोडलं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्टूल घेऊन बसलो आणि एकेक पान देठाशी धरून मागे मोडायला लागलो. डोळा दुखवायचा नाही, म्हणून सावकाश. तीन सकाळी गेल्या. दुसऱ्या दिवशी आबा वईपाशी येऊन उभे राहिले. उन्हापावसात दोन वर्षं खपून वाढवलेल्या झाडाची हिरवीगार पानं मी उतरवतोय, हे त्यांना बघवेना. "पिसो जालो काय कितें?" म्हणाले. मी म्हटलं, त्याला झोपवतोय. आबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. संध्याकाळी त्यांच्या सूनबाई हिच्याकडे येऊन चौकशी करून गेल्या. चौकशी झाडाची नव्हती.

पण एक खरं सांगतो. उघडं पडलेलं ते झाड पहाटेच्या धुक्यात बघून मला पहिल्यांदाच वाटलं की हे सफरचंदाचं झाड आहे. एरवी ते आमच्यातलंच एक, सदा हिरवं, कायम कामावर. आमच्या गावात झाडांना सुट्टीच नसते. आंबा मोहोरतो तेव्हा काजूही मोहोरलेला, फणसाला कुयऱ्या धरलेल्या, माडाला तर बाराही महिने ओझं. सावर, पांगारा पानं टाकतात, पण फुलायच्या घाईपायी. गोव्याची माणसं आरामात असतात असं म्हणणाऱ्यांनी गोव्याची झाडं पाहिलेली नाहीत. मलाही हल्ली पहाटे तीनला जाग येते. त्या दिवसांत मी कंदील घेऊन परसात जायचो. दोघांपैकी एकाला तरी झोप लागलीय का, ते बघायला.

जानेवारीच्या मध्यावर हलकी छाटणी केली, पाणी सोडलं. फेब्रुवारीत एका फांदीवर कळ्या आल्या. गुलाबी, उघडल्यावर पांढऱ्या, पाच पाकळ्यांच्या. एकूण फुलं ३७. मोजली, कारण मोजण्यासारखी होती. आबा स्वतः येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी नातसुनेला घेऊन परत आले.

सदतिसातली छत्तीस गळून पडली. एक धरलं, लिंबाएवढं होऊन मे महिन्यात पिवळट झालं. लाली चढायला रात्री गार लागतात, त्या कुठून आणायच्या. "पेर कशें दिसता," आबा म्हणाले. पेर म्हणजे पेरू, आणि दिसतही तसंच होतं. सुरीनं आठ फोडी केल्या. एक केळबायला, एक आबांना, एक पुण्याच्या पाहुण्यांसाठी फ्रीजमध्ये. चव आंबटगोड, करकरीत. सफरचंदाचीच. आणि चवथ होती पुढे तीन-साडेतीन महिन्यांवर! हिमाचलात फळ ऑगस्ट-सप्टेंबरात उतरतं म्हणून ते माटोळीला चालतं. आमच्या उष्ण हवेतलं झाड पावसाच्या तोंडावर मोकळं होतं. तेव्हा माटोळीला बाजारातलंच बांधलं, स्टिकर काढून. नातू आता मोठा झालाय. त्यानं विचारलं नाही.

पण छत्तीस का गळली, हे मला कळलंय. सफरचंदाला आपल्याच जातीचा पराग चालत नाही. ॲनाची सगळी झाडं एकाच झाडाची कलमं, म्हणजे सगळी सगोत्र. दुसरं ॲना आणून काही उपयोग नाही, दुसरं गोत्र हवं, आणि फुलायची वेळ जमायला हवी. ॲनाला डॉर्सेट गोल्डन चांगलं जुळतं असा सगळीकडचा अनुभव. मी डॉर्सेटचं कलम लावलंय, पण ते दोन वर्षांचं पोर आहे, फुलायला अजून अवकाश.

तेव्हा विनंती अशी. डिचोली, पेडणे, बार्देस, सत्तरीत कुणी हौसेनं डॉर्सेट गोल्डन लावलं असेल आणि ते फेब्रुवारीत फुललं, तर हातभर फुलती फांदी मला द्यावी. बादलीत पाणी घालून ती माझ्या झाडाला टांगायची आहे, बाकीचं मधमाश्या बघतील. हिमाचलात बागवाले असंच करतात. फांदी सकाळी कापावी आणि पाण्यातूनच आणावी. बुधवारी मी डिचोलीच्या बाजारात असतो. एरवी मुळगावात केळबायच्या देवळापाशी कुणालाही सफरचंदवाल्यांचं घर विचारावं. गावात दुसऱ्या कुणाकडे हे झाड नाही, त्यामुळे चुकायचा प्रश्न येत नाही.